तीन हजार बहात्तर बाजू

माझे वडील हायस्कुलात गणित शिकवायचे आणि बावीस सप्तमांश ह्या अपूर्णांकाशी त्यांचं जन्माचं वैर होतं. वर्गात कुणी पायची किंमत म्हणून तो फळ्यावर लिहिला, की ते डस्टर हातात घेऊन पुढे यायचे. पुसता मात्र यायचं नाही, कारण पाठ्यपुस्तकात तेच छापलेलं होतं. ‘ही किंमत नाही, ही सोय आहे,’ एवढं म्हणून ते डस्टर खाली ठेवायचे. घरी त्यांना अडवणारं पाठ्यपुस्तक नव्हतं. त्यामुळे खरी किंमत कशी काढतात हे मला चौथीतच कळलं.

आम्ही तेव्हा नाशिकमध्ये, द्वारका चौकाजवळ राहायचो. खाली दिवसभर ट्रकांचे हॉर्न आणि वर गच्ची. एका रविवारी सकाळी बाबांनी गच्चीवर सुतळीनं आणि खडूनं मोठं वर्तुळ काढलं आणि तीच सुतळी माझ्या हातात देऊन म्हणाले, ‘आता हिनं कड मोज.’ मी कडेवरच्या एका खुणेपासून सुतळी ताणून दुसरी खूण केली, तिथून तिसरी. सहाव्या वेळी मी जिथून निघाले होते बरोबर तिथेच परत आले. बाबांनी त्या सहा खुणा सरळ रेघांनी जोडल्या. वर्तुळाच्या पोटात षटकोन बसला. ‘ह्याच्या सहा बाजू म्हणजे सहा त्रिज्या, म्हणजे तीन व्यास. वर्तुळाची कड त्याहून मोठी. पाय तीनपेक्षा मोठा आहे हे तू आत्ता सिद्ध केलंस,’ ते म्हणाले. मग रेघ आणि कड यांच्यामधली फट दाखवून म्हणाले, ‘प्रत्येक फटीच्या मधोमध एक खूण केली की बारा बाजू होतात. मग चोवीस, मग अठ्ठेचाळीस. आतला बहुभुज कडेच्या जवळ जवळ जात राहतो. बाहेर मात्र कधी पडत नाही.’

मी म्हणाले, ‘म्हणजे पाय कधी सापडतच नाही?’

बाबा म्हणाले, ‘हं.’

हे ‘हं’ म्हणजे काय ते आमच्या घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही. बाबा ‘शाब्बास’ म्हणायचे नाहीत, पाठ थोपटायचे नाहीत. एखादी गोष्ट त्यांना खरोखर पटली, तर मान किंचित खाली करून ‘हं’ म्हणायचे. वर्षातून चार-पाच ‘हं’ माझ्या वाट्याला यायचे आणि ते कुठले, कधीचे, हे मला पाठ असायचं. त्यावर मी जगायचे असं म्हटलं तरी चालेल.

जुन्या लोकांनी हे काम कसं केलं ते बाबा जेवताना सांगायचे. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीकांपैकी एकानं शहाण्णव बाजूंपर्यंत मजल मारली होती. आपल्याकडच्या कुणी तीनशे चौऱ्याऐंशी बाजू घेतल्या होत्या. चीनमधला एक जण थेट तीन हजार बहात्तर बाजूंपर्यंत पोचला होता. युरोपातल्या एकानं तर उभं आयुष्य ह्यात घातलं आणि पस्तीस आकडे मिळवले. आई म्हणायची, ‘त्याच्या बायकोचं काय झालं ते लिहिलंय का कुठे?’ बाबा हसायचे, पण त्यांच्या डोक्यात तो चिनी माणूस बसलेला होता. नुसत्या हातानं, कागदावर, कॅल्क्युलेटर न घेता आपणही तीन हजार बहात्तरपर्यंत जायचं, एवढीच त्यांची हौस होती. त्या वर्गमुळांच्या कागदांनी आमचं एक कपाट भरलं होतं.

काम करण्याची आमची पद्धत ठरलेली होती. एकानं वर्गमूळ काढायचं, दुसऱ्यानं पडताळा करायचा. म्हणजे आलेल्या उत्तराचा लांबलचक गुणाकार करून मूळ संख्या परत येते का ते पाहायचं. पडताळा जमला की एकानं कच्च्या कागदावरचे आकडे मोठ्यानं वाचायचे आणि दुसऱ्यानं ते पक्क्या कागदावर उतरवायचे. वाचताना एकेक आकडा वाचायचा, जोडीनं वाचायचा नाही, ही बाबांची सक्त ताकीद होती. पाचवीपासून पडताळा माझ्याकडे होता. मैत्रिणी रविवारी टीव्ही बघायच्या आणि मी सोळा आकडी संख्यांचे वर्ग करायचे. मला त्याचा कंटाळा यायचा, हे खोटं कशाला सांगू. पण बाबांच्या शेजारची ती खुर्ची माझी होती.

आठवीत असताना ती आली.

ती हरसूलच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. घरी भात आणि नागली, आणि पीक निघालं की आईवडील द्राक्षांच्या बागांवर मजुरीला जायचे. तिला नाशिकच्या मुलींच्या वसतिगृहात ठेवलं होतं. वर्गात मी पहिल्या बाकावर आणि ती शेवटच्या. पहिले दोन महिने तिनं तोंड उघडलं नाही, म्हणून मलाही तिची अडचण नव्हती. मग एक दिवस बाबांनी वर्गात विचारलं, ‘कंपास पुरणार नाही एवढं मोठं वर्तुळ काढायचं असेल तर काय कराल?’ मी हात वर केला. बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, घरची मुलगी म्हणून ते मला वर्गात मुद्दाम टाळायचे. मागून आवाज आला.

‘खळं करतात तसं करायचं, सर.’

‘कसं करतात?’

‘मधी तिवड्याचा खांब ठोकायचा. त्याला दोरी बांधून फिरवायची. मग आमचा बा त्याच दोरीनं कडंला सहा दगड मांडतो. सहावा दगड पहिल्याला येऊन भिडला तर खळं गोल हाय. नाय भिडला तर पुन्हा करायचं.’

मुली हसल्या. बाबा हसले नाहीत. ते हळूहळू शेवटच्या बाकापर्यंत चालत गेले आणि म्हणाले, ‘वा!’

वा! माझ्या आयुष्यात मी बाबांच्या तोंडून तो शब्द एखाद्या गाण्यासाठीसुद्धा ऐकला नव्हता. मी तोच षटकोन चौथीत गच्चीवर स्वतःच्या हातानं मोजला होता, आणि मला काय मिळालं होतं? पण मला वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणानं. मला तो शिकवला गेला होता. तिला तो येत होता.

पुढच्या रविवारी ती आमच्या घरी होती.

आधी शिकायला आली. वर्गमूळ काढायची भागाकाराची पद्धत तिनं एका बैठकीत उचलली. मला तीन रविवार लागले होते, पण मी तेव्हा दहा वर्षांची होते, असं मी स्वतःला बजावून सांगितलं. मग तिचं अक्षर पाहून बाबा म्हणाले, ‘पक्का कागद हिलाच लिहू दे. तुझे सात आणि नऊ सारखेच दिसतात.’ मग हळूच पडताळाही तिच्याकडे गेला. कुणी मला ऊठ म्हटलं नाही. एका रविवारी मी आंघोळीहून आले तेव्हा ती खुर्चीवर बसलेली होती आणि गुणाकार अर्धा झाला होता, इतकंच.

मला बाबा ‘अगं’ म्हणायचे. तिला ‘बाळ’ म्हणायचे.

आईनंही साथ दिली नाही. वसतिगृहातल्या जेवणाची कीव येऊन ती दर रविवारी शिरा, नाहीतर पुरणपोळी करायची आणि माझ्याआधी तिला वाढायची. एकदा तर तिच्या डोक्याला तेल लावून वेणी घालून दिली. मी बघत बसले तेव्हा आई मला चिडवत म्हणाली, ‘तोंड बघा कसं झालंय! बापानं दुसरी लेक आणली वाटतं!’ मीही सगळ्यांबरोबर हसले. आतून जळत होते.

ती वाईट असती तर सोपं गेलं असतं. ती मला वर्गात जागा धरून ठेवायची, घरून आणलेले नागलीचे पापड आधी माझ्या हातात द्यायची. जेवायला माझ्याच शेजारी बसायची आणि वसतिगृहातल्या गमती सांगायची. मीही तिला माझ्या वह्या द्यायचे. बाहेरून पाहणाऱ्याला आम्ही मैत्रिणीच वाटायचो आणि तिच्या बाजूनं ते खरंही होतं.

नववीत दिवाळीनंतर बाबांनी जाहीर केलं, की ह्या वेळी तडीला न्यायचं. जानेवारीत शाळेचं गणित-विज्ञान प्रदर्शन असतं. ड्रॉइंग पेपर एकाला एक चिकटवून सहा बाजूंपासून तीन हजार बहात्तरपर्यंतचा सगळा प्रवास हॉलच्या भिंतीवर लावायचा. खाली नाव तिचं. ‘आदिवासी पाड्यावरच्या मुलीनं हातानं काढलं म्हटल्यावर लोक बघत राहतील,’ असं ते आईला सांगत होते. त्यांचा आणखी एक बेत होता. ते बघून संस्थेची माणसं अकरावी-बारावीला सायन्ससाठी तिची सोय करतील. ती मोठी गणिती होईल असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. माझ्यासाठी त्यांनी काय ठरवलं होतं ते मी विचारलं नाही.

दर रविवारी बाजू दुप्पट करायच्या, असा हिशेब. पहिल्या रविवारी तीनचं वर्गमूळ आणि बारा बाजू झाल्या. दुसऱ्या रविवारी त्या मुळात दोन मिळवून त्याचं पुन्हा वर्गमूळ काढायचं होतं. ती संख्या मला आजही झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. एक पूर्णांक, मग ९३१८५१६५२५७८१३६६. बाबांनी मूळ काढलं, तिनं पडताळा केला, जमला. मग बाबा वाचू लागले आणि ती लिहू लागली. आणि बाबांनी स्वतःचीच ताकीद मोडली. तिचा हात इतका भरभर चालायचा, की ते जोडीनं वाचत सुटले. ‘त्र्याण्णव, अठरा, एक्कावन्न, पासष्ट, पंचवीस...’

आपल्याकडे पासष्ट म्हणताना पाच आधी येतो आणि साठ मागून. हात भरधाव असला की पाच आधी उमटतो. तिनं ५६ लिहिलं.

मी तेव्हा चहा घेऊन आले होते. कपबश्या ठेवायला जागा करावी म्हणून कच्चा कागद उचलला, तो नेमका पक्क्या कागदाच्या शेजारी आला आणि माझी नजर थेट त्या दोन आकड्यांवर पडली. शोधावं लागलं नाही. इकडे ६५, तिकडे ५६. माझं तोंड उघडलंसुद्धा होतं. तेवढ्यात बाबा तिला म्हणाले, ‘बाळ, तू नसतीस तर हे माझ्या हातून कधी झालं नसतं.’

मी कप ठेवला आणि आत गेले.

आधी वाटलं, त्यांच्या लक्षात येईलच. मग वाटलं, येऊ दे, तेव्हा बघू. संध्याकाळी मी माझ्या वहीच्या मागच्या पानावर तो गुणाकार करून पाहिला. माझं चुकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता सांगितलं तर काल का नाही सांगितलंस असं विचारतील. रविवार आला आणि त्यांनी त्या चुकीच्या आकड्यात दोन मिळवून पुढचं मूळ काढलं. त्याचा पडताळा बरोबर आला. तो येणारच होता, कारण तो चुकीच्या संख्येचा बरोबर पडताळा होता.

अठ्ठेचाळीस बाजू झाल्या. शहाण्णव झाल्या. चूक सातव्या दशांश स्थळाला होती, त्यामुळे सुरुवातीचे आकडे ठीकच दिसत होते. दर रविवारी ड्रॉइंग पेपर एक हात लांब व्हायचा आणि मी तो धरून गोंद लावायला मदत करायचे. होय, गोंद लावायला मी असायचे. प्रत्येक वेळी माझी नजर त्या ५६ वर जायची आणि प्रत्येक वेळी मला बरं वाटायचं. मी त्या बरं वाटण्याला दुसरं काही नाव देऊ शकत नाही. सगळ्या घरात एक गोष्ट अशी होती, जी फक्त मला माहीत होती आणि तिला माहीत नव्हती.

एक हजार पाचशे छत्तीस बाजूंना उत्तर आलं ३.१४१५९२५. बाबा खुर्चीवरून उठले. खऱ्या किमतीत सहाव्या दशांश स्थळापर्यंत आकडे तेच आहेत, ३.१४१५९२६. ते स्वतः खाली उतरले आणि जिलबी घेऊन आले. तिला पहिली दिली, मला दुसरी. ती लाजून म्हणाली, ‘सर, मी काय केलं? मी नुसता पडताळा केला.’ मी जिलबी खाल्ली. गोड लागली, हेही सांगते.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी तीन हजार बहात्तर बाजू झाल्या. शेवटचा गुणाकार तिनं केला, बाबांनी आकडे मोठ्यानं वाचले. तीन पूर्णांक एक, चार, एक, पाच, नऊ. मग ते थांबले. चार, एक, नऊ.

‘हे कसं होईल?’ ते म्हणाले.

तिलाही कळलं. तिचा चेहरा पडला. आतला बहुभुज वर्तुळाच्या बाहेर गेला होता. कागदावर उत्तर पायपेक्षा मोठं आलं होतं आणि कुठल्याही आतल्या बहुभुजाला ते शक्य नाही, मग बाजू तीन हजार असोत की तीन कोटी. म्हणजे कुठेतरी चूक होती.

‘तूही बस जरा,’ बाबा मला म्हणाले. त्यांनी मला शेवटचे चार कागद दिले, तिला पहिले पाच दिले, आणि स्वतः बाजूंचे गुणाकार घेतले. मी त्या दुपारी दोन तास बसून चार कागदांतला प्रत्येक गुणाकार तपासला. एकही चूक नव्हती. मला ते ठाऊक होतं. तरी मी पेन्सिलीनं खुणा करत गेले, मधेच भुवया आक्रसल्या, एकदा ‘हे एक बघू’ असंसुद्धा म्हणाले.

तिला ती सापडली. तिनं बोट ठेवलं आणि कच्चा कागद शेजारी ओढून पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाली, ‘सर, हे माझं अक्षर हाय.’

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं आणि हसत सुटले. खरोखर हसले. म्हणाले, ‘अगं, हा दोष माझा! मीच जोडीनं वाचलं. चला, पुन्हा करू. चुकीची वाट कळली, आता दुप्पट वेगानं होईल.’ मी ज्या क्षणाची आठ रविवार वाट पाहिली होती तो हा असा निघाला. ते तिच्यावर रागावले नाहीत, निराश झाले नाहीत, त्यांचं तिच्यावरचं प्रेम तसूभर कमी झालं नाही. उलट आता आणखी आठ रविवार ते दोघं एकत्र बसणार होते.

पण ते बसले नाहीत. प्रदर्शनाला पंधराच दिवस होते. कागद भिंतीवर गेला नाही. संक्रांतीला ती गावी गेली, परत आली, आणि त्यानंतरच्या रविवारी आमच्याकडे आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वर्गात भेटायची, हसायची, जागा धरायची. मी विचारलं तर म्हणाली, ‘वसतिगृहात कामं असतात.’ दहावीला तिला चांगले मार्क मिळाले, गणितात माझ्याहून चार जास्त. तरी तिनं आर्ट्स घेतलं, पुढे डी.एड. करायचं म्हणून. बाबा दोनदा वसतिगृहात जाऊन आले. दुसऱ्यांदा आले तेव्हा चपला न काढताच बाहेर बसून राहिले. आईनं विचारलं तर म्हणाले, ‘म्हणते, गणितात माझी नजर पक्की नाय सर. एवढ्या लोकांसमोर कधी असं झालं तर?’

मी आतून ऐकत होते. बाबांच्या शेजारची खुर्ची रिकामी झाली होती. मी तिच्यावर बसून बघितलं. बाबांनी मग वर्गमुळं काढलीच नाहीत. कपाटात आईनं गोधड्या ठेवल्या.

पुढे मी मराठी घेऊन बी.ए. झाले आणि शालेय पुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात मुद्रितं तपासू लागले. चुका पकडणं हा माझा पोटाचा धंदा झाला. तिथले लोक म्हणायचे, बाई पानावर नजर टाकतात आणि चूक आपण होऊन वर येते. लग्न होऊन मी नाशिकमध्येच राहिले, त्यामुळे रविवारी आईबाबांकडे जाणं व्हायचं. ती तिकडे डोंगरातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होती. दिवाळीला तिचा बाबांना फोन यायचा. बाबा तो दोन दिवस पुरवायचे. कुठल्या पोराला भागाकार कसा शिकवला, अंगणात दोरीनं वर्तुळ कसं काढलं, सगळं मला सांगायचे. मी छापखान्यात काय करते हे त्यांनी एकदा विचारलं होतं, मी रुजू झाले तेव्हा.

बाबा निवृत्त होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. मी एका रविवारी सकाळी गेले, तर ते दारातच उभे. हातात नवा मोबाईल. ‘कळलं का? तालुक्यातून आदर्श शिक्षिका म्हणून निवड झाली!’ कुणाची, हे सांगायची त्यांना गरजच वाटली नाही. मी चपला काढेपर्यंत त्यांनी सगळं सांगून टाकलं. कार्यक्रमाला आपण दोघांनी जायचं, शर्ट शिवायचा, भाषण करायला सांगितलं तर काय बोलायचं. मग ते जरा गंभीर झाले आणि म्हणाले, ‘नाही तर ही पोर आज कुठल्या कुठे असती. त्या एका आकड्यानं घाबरली. पण तिची नजर बघ, आपल्या तिघांत तो आकडा शेवटी तिलाच सापडला.’

मला आता कितीही वाटत असलं, की पश्चात्तापानं माझ्या तोंडून ते निघालं, तरी ते तसं नाही. मी तिशी ओलांडलेली बाई होते, मला मुलगा होता, आणि मला ते सहन झालं नाही.

‘तो मला पहिल्याच दिवशी दिसला होता,’ मी म्हणाले.

‘काय?’

‘ते ५६. तुम्ही वाचलंत, तिनं लिहिलं, आणि मी चहा घेऊन आले, तेव्हाच दिसलं. मी नंतर गुणाकार करूनही पाहिला होता.’

मी तयार होते. सोळा-सतरा वर्षं मी ह्या क्षणाची कल्पना केली होती. ते ओरडतील, किंवा काही न बोलता आत जातील.

ते म्हणाले, ‘वा!’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ते पुन्हा म्हणाले, ‘वा! एका नजरेत? सोळा आकड्यांत? आम्ही दोघं आठ रविवार त्याच्यावरून जात होतो, आणि तू नुसती चहा ठेवायला आलीस आणि...’ त्यांचे डोळे चमकत होते. त्यांनी आईला हाक मारली. ‘अगं, ऐकलंस का? हिला तेव्हाच दिसलं होतं!’ आई आतून ‘काय दिसलं?’ म्हणाली. ते माझ्या पाठीवर थाप मारत होते, आयुष्यात पहिल्यांदा. मी दिसलं म्हणाले होते आणि त्यांनी तेवढंच ऐकलं होतं. सांगितलं नाही, हा भाग त्यांच्या कानापर्यंत पोचलाच नव्हता. मी तिथे उभी राहून ते ‘वा’ घेत होते. मला ते हवं होतं. मला ते इतकी वर्षं इतकं हवं होतं, की मी त्यांना थांबवलं नाही.

मग त्यांनी मोबाईल उचलला आणि तिला फोन लावला.

‘बाळ, एक गंमत ऐक! त्या आपल्या ५६ ची. हिला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं! हो ना! चहा घेऊन आली होती तेव्हाच! बघ, नजर असावी तर अशी!’ ते हसत होते. मग ऐकत राहिले. त्यांनी दोनदा ‘हॅलो, हॅलो’ केलं. मग फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, ‘तुझ्याशी बोलायचंय तिला.’

मी फोन घेऊन गॅलरीत गेले. खाली ट्रक चालले होते.

‘आठ रविवार?’ ती म्हणाली.

‘हो.’

‘मी तुझ्याच शेजारी जेवायला बसायची.’

माफ कर, हे शब्द माझ्या तोंडात होते, पण ते इतके लहान वाटले, की मी ते उच्चारले नाहीत. तिच्या बाजूला पोरांचा गलका ऐकू येत होता. तिनं कुणाला तरी ‘जा, बाहेर खेळ’ म्हटलं आणि दार लावल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता ती बोलेल, आणि तिनं काहीही बोलावं, मी ऐकेन.

ती म्हणाली, ‘सरांच्या ध्यानात आलेलं नाय अजून. येऊ देऊ नको. त्यांना लय आनंद झालाय.’ आणि तिनं फोन ठेवला.

तिचा राग मला झेपला असता. पण ती रडायच्या आधी बाबांचा विचार करू शकली. मी सख्खी मुलगी, मला तो एकदाही करता आला नव्हता, आणि त्या क्षणी, इतकं सगळं झाल्यावरही, मला तिचा हेवाच वाटला.

बाबा आतून आले. अजून हसतच होते. ‘काय म्हणाली?’

‘अभिनंदन म्हणाली,’ मी सांगितलं.

‘म्हणणारच,’ बाबा म्हणाले. ‘तिचं मन फार मोठं आहे.’